जीपचे पाच काटे

आमच्या जीपच्या डॅशबोर्डवर पाच मीटर आहेत. मधोमध मोठं किलोमीटरचं, आजूबाजूला चार छोटी: डिझेल, टेंपरेचर, ऑइल आणि चार्जिंग. मला कळायला लागल्यापासून यांतलं एकही खरं बोलत नव्हतं. टाकी गच्च भरलेली असो की खडखडीत रिकामी, डिझेलचा काटा पावावर. टेंपरेचरचा काटा कायमचा निजलेला. ऑइलची नळी कोणीतरी कधीतरी चेपून बंद करून टाकलेली. चार्जिंगच्या मीटरमध्ये बल्बच्या भोकातून शिरून कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, ते काचेतून दिसायचं. आणि किलोमीटरचे आकडे ६१,४०८ वर थांबलेले.

बाबांचं यातल्या कशावाचून काही अडलं नाही. १९९१ मध्ये एका सरकारी लिलावात त्यांनी ही १९८४ ची डिझेल जीप घेतली, आणि तेव्हापासून ती कानानं चालवली. गियर आवाजावर बदलायचा. पट्टा सैल झाला की तो किंचाळतो. ऑइल कमी पडलं की टॅपेट वाजायला लागतात. पाणी तापलं की इंजिनाचा आवाज ‘जड’ होतो. हे जड होणं म्हणजे नेमकं काय, ते मी अनेकदा विचारलं. ते म्हणायचे, “ऐक ना.” मी ऐकायचे. मला सगळा एकच खडखडाट वाटायचा.

डिझेलचं तर त्याहून सोपं. या जुन्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीटची गादी उचलायची, टाकीचं झाकण काढायचं आणि पऱ्हाटीची सोललेली काडी आत सोडायची. काडी जिथवर ओली, तिथवर डिझेल. ती काडी सीटमागच्या खोबणीत कायम असायची आणि दर हंगामात नवी यायची. कापसाच्या गावात पऱ्हाटीला काय तोटा!

ज्यांनी घाटावरचा-घाटाखालचा हा भेद ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडं. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. ते घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा हा पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट, तापट भाग घाटाखाली. आमचं घर बुलढाण्यात आणि शेत मोताळ्याच्या बाजूला. मधे राजूर घाट. म्हणजे सकाळी रिकामी गाडी उतरते आणि संध्याकाळी, नेमकी भरलेली असताना, चढते.

बाबांचे कान २०१८-१९ पासून जायला लागले. डॉक्टरांनी वय आणि आवाज दोन्हींकडे बोट दाखवलं. मशीन घेतलं, पण जीपमध्ये बसलं की ते मशीन आधी डिझेल इंजिनच मोठं करून ऐकवतं. त्यामुळे गाडीत बसताना बाबा ते काढून शर्टाच्या खिशात ठेवतात. घरातल्या कोणाच्या लक्षात आलं नाही की त्या खिशात आता आमचं टेंपरेचर, ऑइल आणि चार्जिंग अशी तिन्ही मीटर गेली होती.

मे २०२२ मध्ये राजूर घाटात पाणी उकळलं. बाबांना वाफ दिसली तेव्हा कळलं. गॅस्केट जळलं होतं, हेड वाकलं होतं. दुरुस्तीचा खर्च ऐकून दादा म्हणाला, विकून टाकू, हौशी लोक जुन्या जीपला चांगले पैसे देतात. ते खरंही होतं. आई इतकंच म्हणाली, “गाडी गेली तर हा माणूस खाटेवर बसंल.” तेही खरं होतं. बाबांना या चर्चेतलं किती ऐकू आलं माहीत नाही. ते अंगणात जीपजवळ उभे होते.

मी पुण्यात एका कारखान्याच्या कॅलिब्रेशन विभागात काम करते. दिवसभर लोकांची प्रेशर गेज तपासायची, किती चुकतात ते लिहायचं आणि स्टिकर लावायचा, हा माझा धंदा. घरातली पाच मीटर मात्र लहानपणापासून तशीच मेलेली पाहत आले होते. मी दादाला म्हटलं, विकायचं दिवाळीनंतर बघू. आधी मला डॅशबोर्ड खोलू दे.

नवा संच मिळतो, हे आधीच सांगते. ऑनलाइन जीपसाठी पाच मीटरचा चकचकीत जोड येतो. पण मला तो नको होता आणि त्याचं कारण निव्वळ भावनिक नव्हतं. जुन्या मीटरमध्ये एक गोष्ट आहे जी तुमच्या-माझ्या आजच्या गाड्यांमध्ये उरलेली नाही. आजच्या गाडीत सेन्सर कॉम्प्युटरला आकडा सांगतो, आणि ड्रायव्हरला काय दाखवायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. बऱ्याच गाड्यांत टेंपरेचरचा काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. पाणी दहा अंशांनी वर-खाली झालं तरी तो हलत नाही, कारण हलला की गिऱ्हाईक घाबरतं. काही गाड्यांत तो काटाच काढून टाकलाय. आमच्या जीपमध्ये असं मधलं कोणी नाही. जे मोजायचं आहे, तेच येऊन काट्याला ढकलतं.

ऑइलचं मीटर घ्या. इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत एक बारीक तांब्याची नळी येते आणि त्या नळीतून खरोखरचं ऑइल मीटरच्या पाठीपर्यंत येतं. आत चपटी, धनुष्यासारखी वाकवलेली पितळी नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते. दिवाळीत मिळते ती पिपाणी, फुंकली की गुंडाळी उलगडते, तसंच. तिच्या टोकाला एक दांडी, दांडीला दाते, दात्यांना काटा. युजीन बुर्दाँ या फ्रेंच माणसानं १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि माझ्या कारखान्यात आजही शेकड्यानं त्याच जातीची गेज येतात. आमचं मीटर उघडलं तेव्हा आत सगळं ठणठणीत होतं. दोष फक्त त्या चेपलेल्या नळीचा. नळी बदलली, मीटर पुण्याला नेऊन साहेबांच्या परवानगीनं बेंचवर तपासलं. वर जाताना दोन पौंड जास्त दाखवतं. स्टिकर लावला नाही, पण लावता आला असता.

उघडणं हेच खरं काम आहे. या मीटरांना स्क्रू नसतात. काचेभोवतीची पत्र्याची कडा मागे दुमडून दाबलेली असते. ती बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढी उचलत पूर्ण गोल फिरायचं. मग पुन्हा दुसरी फेरी, तिसरी फेरी. घाई केली की पत्रा फाटतो. एका मीटरला मला दीड तास लागायचा. बाबा बाजूला बसून बघायचे. “काऊन वो, करंजी उलगडून राह्यली का?” असं एकदा म्हणाले. उपमा अचूक होती. बसवताना मुरड घालायचीच होती.

आतली डायल पुसायची नाही, हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. इतकी जुनी शाई स्पिरिट, थिनर, कधी कधी नुसतं साबणाचं पाणीही सहन करत नाही. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची आणि उरलेला डाग तसाच राहू द्यायचा. काट्यांवर नवा नारिंगी रंग मारायचा मोह होतो. रंगाला वजन असतं आणि काटा तोललेला असतो. मारायचाच तर एक पातळ हात. काच खामगावच्या फोटो फ्रेमवाल्याकडून गोल कापून आणली, रबरी वायसर सायकलच्या ट्यूबमधून कापले.

आणखी एक, कारण जुन्या जीपच्या मागे लागलेली बरीच मुलं वाचत असतील. आपल्याकडे चमकणाऱ्या कुठल्याही स्टिकरला ‘रेडियम’ म्हणतात, नंबरप्लेटवाल्याच्या दुकानावरही तसंच लिहिलेलं असतं. त्यात रेडियम नसतं. पण दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्यांच्या आणि विमानांच्या मीटरांवर अंधारात चमकावं म्हणून लावलेल्या रंगात ते खरोखर होतं. तो रंग आज चमकत नाही, पण रेडियम तिथंच आहे. त्याचं निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. युद्धकाळातलं मीटर हाती आलं तर ते उघडू नका, खरवडू तर मुळीच नका. आमची १९८४ ची, तिला हा धोका नव्हता.

चार्जिंगचं मीटर कुंभारमाशीचं घर काढल्यावर चालू झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की तिथं हात घालण्याआधी बॅटरीची तार काढा. या मीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा करंट जातो. मागचा नट सैल असला तर आग लागते.

डिझेलच्या काट्याला जास्त वेळ गेला. यात दोन भाग: डॅशबोर्डवर मीटर, टाकीत तरंगणारा फ्लोट. दोष कुठला ते ओळखायची युक्ती सोपी आहे. टाकीकडून येणारी तार मीटरच्या पाठीवर सुटी करायची. काटा एका टोकाला जातो. मग मीटरच्या त्या टोकाला दुसरी तार लावून क्षणभर बॉडीला टेकवायची. काटा दुसऱ्या टोकाला जातो. दोन्हीकडे गेला तर मीटर चांगलं, दोष खाली. हे टाकीजवळ करायचं नाही, डॅशबोर्डजवळच करायचं, ठिणगी पडते म्हणून. आमचा काटा दोन्हीकडे धावला. म्हणजे इतकी वर्षं तो बिचारा जे कळत होतं तेच सांगत होता.

बॉडीला जाणाऱ्या जोडणीला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. “अर्थ लागत नाही” हे वाक्य मी लहानपणापासून मेकॅनिकांच्या तोंडून ऐकत आले आणि प्रत्येक वेळी मला ते कवितेविषयी वाटतं. आमच्या फ्लोटला अर्थ लागत नव्हता, कारण टाकीखाली गंजाचा थर होता. शिवाय फ्लोट म्हणजे पितळी डबी, तिला सुईच्या टोकाएवढं भोक पडून ती डिझेलनं भरली होती. भोक शोधायला डबी गरम पाण्यात बुडवली. बुडबुडे आले तिथं खूण. ती पूर्ण रिकामी करून, वाळवून, मग डाग दिला. नंतर पाच-पाच लिटर डिझेल ओतत काटा कुठं येतो ते कागदावर लिहिलं. काटा अर्ध्यावर आला तेव्हा टाकीत अर्ध्याहून बरंच जास्त होतं. फ्लोटची दांडी गोल फिरते आणि टाकी चौकोनी असते, तेव्हा अर्धा म्हणजे अर्धा नसतोच. बाबांनी प्रत्येक पाच लिटरला आपली काडी टाकून पाहिली आणि काडीवर खिळ्यानं खुणा केल्या. माझा कागद आणि त्यांची काडी, दोन्हींचं कॅलिब्रेशन एकाच दिवशी झालं.

टेंपरेचरच्या मीटरसमोर मात्र हात टेकले. इंजिनात बसणारा फुगा, त्यात ईथर, आणि तिथून डॅशबोर्डपर्यंत केसाएवढ्या भोकाची बंद नळी. पाणी तापलं की ईथरची वाफ होते आणि तिचा दाब काट्याला ढकलतो. नळी कुठंही चिरली की ईथर उडून जातं, आणि ते घरी परत भरता येत नाही. आमची फायरवॉलच्या भोकात घासून चिरली होती. अकोल्याच्या एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानात पोत्यातून एक निघालं. डायल वेगळी, अक्षरं वेगळी, आणि अंश फॅरनहाइटमध्ये.

ते तपासायला मी आईच्या पातेल्यात पाणी उकळलं. बुलढाण्याच्या उंचीवर पाणी शंभरला उकळत नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. फॅरनहाइटमध्ये २०८. उकळत्या पाण्यात फुगा सोडला आणि काटा हळूहळू चढत २०८ च्या अगदी जवळ जाऊन थांबला. बत्तीस वर्षांत या जीपच्या टेंपरेचरच्या जागी काटा हलताना बाबांनी पहिल्यांदा पाहिला, तोही स्वयंपाकघरात. फॅरनहाइटचं गणित त्यांना समजावत बसले नाही. काचेवर आतून २०० च्या किंचित पुढे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. ठिपक्याला काटा शिवला की थांबायचं, इंजिन बंद करायचं नाही, तोंड वाऱ्याकडे करून चालू ठेवायचं. त्यांनी मान डोलावली. हे त्यांना माहीत होतं. कधी थांबायचं एवढंच आता ऐकू येत नव्हतं.

शेवटी राहिलं मधलं मोठं. किलोमीटरच्या मीटरचं मला अजून नवल वाटतं. फिरती केबल आत एका चुंबकाला गरगर फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी असते, ती चुंबकाला शिवत नाही. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटतही नाही. तरी फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीज खेळते आणि ती मागून ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. ओढ आणि अडवणूक जिथं सारखी होते, तिथं काटा थांबतो. तोच वेग. ओटो शुल्झ या जर्मन अभियंत्याचं हे १९०२ चं पेटंट, आणि त्यानंतर जवळजवळ शतकभर जगातली बहुतेक गाड्यांची मीटर याच तत्त्वावर चालली.

आमच्या मीटरची ती स्प्रिंग, घड्याळवाले जिला बालकमानी म्हणतात, एका वेढ्यात दुमडली होती. खामगावच्या एका घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ती दहा मिनिटांत सोडवली आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. म्हणाले, आजकाल बालकमानी कोण आणतं? केबल रॉकेलनं धुऊन ग्रीस लावलं, पण वरची चार बोटं कोरडी ठेवून, नाहीतर ग्रीस फिरत-फिरत मीटरमध्ये चढतं. मलकापूरजवळ महामार्गाच्या सरळ पट्ट्यावर फोनच्या जीपीएसशी ताडून पाहिलं. फोन चाळीस म्हणतो तेव्हा काटा बेचाळीसवर. तसंच ठेवलं. वेगाच्या मीटरनं थोडं जास्त सांगितलेलं चालतं, कमी सांगितलेलं चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतही तसंच आहे.

आकडे थांबले होते ते एका छोट्या गियरचा दात तुटल्यामुळे. दुसऱ्या मेलेल्या मीटरमधून तो गियर काढला. आता आकड्यांची पाच चाकं माझ्या तळहातावर सुटी होती, बोटानं कुठंही फिरतील अशी. ज्यानं तो गियर दिला, त्यानं सवयीनं विचारलं होतं, “किती लावू?” जुन्या गाड्यांच्या बाजारात हा प्रश्न फार साधेपणानं विचारतात. मी बाबांना पाटीवर लिहून विचारलं, शून्य करू का? नवं इंजिन हेड, नवी मीटर, नव्यानं सुरुवात.

“नाही,” ते म्हणाले. “जिथी होता तिथीच ठेव.”

कधी थांबला होता, विचारलं. १९९७, शेगावहून परत येताना, खामगाव सोडल्यावर. “फिरत होता, मंग नाही फिरला.” बस, इतकंच. त्यानंतरची विहीर, दादाचं लग्न, आजोबांना अकोल्याच्या दवाखान्यात नेणं, माझी पुण्याची पहिली खेप, यातला एकही किलोमीटर कुठं लिहिलेला नाही. तसे आधीचेही भरवशाचे नाहीत. पाच आकड्यांचं मीटर ९९,९९९ नंतर गुपचूप शून्यावर येतं, त्यामुळे ६१,४०८ हे १,६१,४०८ ही असू शकतं. कामावर असते तर अशा नोंदीवर मी लाल शिक्का मारला असता. मी चाकं ६१,४०८ वर जुळवली आणि कडा परत मुरडली.

डिसेंबर २०२३ मध्ये पाचही मीटर जागेवर बसली. दादाशी बरीच वादावादी झाली. तो म्हणाला, काटे दुरुस्त झाले म्हणून मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणार आहे का? नाही येणार. ते मलाही मान्य आहे आणि त्याची धास्ती मला अजून वाटते. शेवटी ठरलं ते असं: फक्त घर ते शेत, फक्त उजेडी, दोन्ही बाजूंना मोठे आरसे, आणि शेजारी आमचे सालदार बसलेले असले तरच. बाबांनी सगळ्या अटी मान्य केल्या. भांडतील असं वाटलं होतं, भांडले नाहीत.

एप्रिलमध्ये मी सुट्टीवर आले होते तेव्हा शेजारच्या जागेवर मी बसले. मागे भुईमुगाची पोती. घाट अर्धा चढल्यावर बाबांची नजर दर वळणानंतर डॅशबोर्डवर जाऊन परत रस्त्यावर येताना मला दिसली. ही नजर त्यांना नव्हती, त्यांनी ती सत्तरीत लावून घेतली होती. काटा ठिपक्याला शिवायच्या आधीच त्यांनी गाडी एका रुंद वळणावर बाजूला घेतली, तोंड वाऱ्याकडे केलं आणि रुमालानं मान पुसली. मला आवाज तसाच वाटत होता, पहिल्यासारखाच खडखडाट. दहा मिनिटांनी काटा १८० कडे उतरला. “हलकी झाली,” ते म्हणाले आणि गियर टाकला.

फोनवर आमचं बोलणं आता होत नाही. व्हिडिओ कॉलवर आईच मधे दुभाषी असते, आणि ती तिला हवं तेवढंच सांगते. त्यामुळे बाबा फोटो पाठवतात. शेतात पोचले की इंजिन चालू असताना डॅशबोर्डचा एक फोटो, घरी आले की एक. सोबत एक शब्द नसतो. मी कामावर असते, गेज तपासत असते आणि मधेच हे पाच काटे येतात. कालचा फोटो: ऑइल चाळीस. टेंपरेचर १८०. चार्जिंग मध्याच्या जरा उजवीकडे. किलोमीटर ६३,९७२. डिझेल पावाच्या खाली.

मी लिहिलं, बाबा डिझेल भरा.

अर्ध्या तासानं उत्तर आलं. काडीचा फोटो, आणि खाली: “टाकून पाह्यली. आहे.”